तुम्ही विचारलंत म्हणून: जुना टीव्ही किती वेळा रिपेअर करायचा?

आमच्याकडे कुणीही आलं की चहा होईपर्यंत हा प्रश्न येतोच, "काका, अजून हाच टीव्ही? किती वेळा रिपेअर करणार, नवा घेऊन टाका ना." नव्याला माझी ना नाही, ३२ इंची आता दहा-बारा हजारात मिळतो, पण निव्वळ जुना झाला म्हणून बदलायचा हे काही पटत नाही बुवा. मी एवढंच बघतो की आत नेमकं काय गेलंय. वय नाही बघत, आजवर किती पैसे घातले तेही नाही (ते तर गेलेच, आता मोजून काय करायचंय).

समजा आवाज येतोय, चॅनल बदलतंय पण पडदा काळाकुट्ट. लोकांना वाटतं संपला. खोलीतले दिवे बंद करा, मोबाइलचा टॉर्च पडद्याला चिकटवून तिरका धरा, आत सिरियलमधल्या सुनेचं तोंड अंधुक दिसलं ना की समजा पॅनल, म्हणजे चित्र दाखवणारी काच, जिवंत आहे, फक्त बॅकलाइट, म्हणजे तिच्यामागून उजेड देणाऱ्या एलईडीच्या पट्ट्या, गेलीय. पट्ट्यांवरचे ते बारके एलईडी बहुतेक सिरीजमध्ये असतात, दिवाळीच्या जुन्या माळेसारखे, एक उडाला की सगळी रांग अंधारात. मेकॅनिक म्हणतो एकच बदलतो, मी म्हणतो नको, बाकीचेही तितकीच वर्षं तापलेत, पूर्ण सेट टाक. हे काम आमच्याकडे पलंगावर चादर अंथरून होतं आणि काच उचलायला दुसरा माणूस लागतोच, तो मी. पातळ काच, कडेला चिकटवलेल्या नाजूक रिबिनी, एक जरी ओढली गेली तरी हजार-बाराशेचं काम थेट नव्या टीव्हीवर जातं, त्यामुळे तेवढा वेळ घरात कुणी माझ्याशी बोलत नाही. नंतर सेटिंगमध्ये जाऊन बॅकलाइट साठ-सत्तरवर आणायची, पट्ट्या कमी तापतात. ब्राइटनेस नव्हे हं, बऱ्याच सेटमध्ये त्याने नुसता काळा रंग कमी-जास्त होतो.

लाल लाइट लुकलुकते, चालू व्हायला वेळ लागतो, तर आधी पॉवर बोर्डवरचे कॅपॅसिटर, म्हणजे ते छोटे उभे डबे, बघा, डोकं फुगलेलं साध्या डोळ्यांना दिसतं. काही रुपयांची वस्तू. पण "पूरा बोर्ड जाएगा भिया" हे वाक्य आमच्या इंदुरात मेकॅनिककडून लगेच ऐकायला मिळतं, तेव्हा जुना बोर्ड हातात घेऊन बघायला मागायचा, लाजायचं नाही.

ॲप चालत नाहीत म्हणून टीव्ही बदलणारे तर मला कळतच नाहीत, चित्र चांगलंय ना, मग ॲप चालवणारी ती छोटी स्टिक मागे लावा. २०१३ मध्ये इथे केबलला सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला तेव्हा ट्यूबवाले टीव्हीसुद्धा लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींवर चाललेच की. ट्यूबवाला कुणाकडे अजून असेल तर एक सांगतो, मागचं झाकण स्वतः उघडू नका, रंगीत ट्यूबला पंचवीस हजार व्होल्टच्या आसपास लागतात आणि प्लग काढल्यावरही चार्ज आत राहू शकतो.

पॅनलला तडा गेला, किंवा अर्ध्या पडद्यावर रेघाच रेघा आल्या, की मात्र हात जोडायचे. नवं पॅनल जवळजवळ टीव्हीच्याच भावात पडतं, आणि कुठून तरी काढलेलं जुनं बसवून घ्यायचं तर ते किती चालेल ते बसवणाराही सांगत नाही. भंगारवाल्याला देऊ नका तेवढं, तो तांबं काढून बाकीचं कुठेही टाकतो. आपल्या इंदूरच्या कचरागाडीत ई-कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो, एवढा मोठा डबा घेतील का ते गाडीवाल्याला आधी विचारून ठेवा.

आमच्या सेटला आता उजव्या कडेला एक बारीक उभी रेघ आलीय. क्रिकेट बघताना दिसत नाही, बातम्यांत दिसते. दुसरी आली की मेकॅनिकला फोन नाही, सरळ महाराणी रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार, आणि घ्यायचा तर ४३ इंची, हे हिला अजून सांगितलेलं नाही.