आंबट सोड गो, बांगडा सोड गो

सकाळी सातला माझी बोटं मुठीत येत नाहीत. सव्वाआठला येतात. तोवर माझ्याकडून नारळ खवायचा नाही की बरणीचं झाकण फिरवायचं नाही, हे आता घरात सगळ्यांना पाठ झालंय.

२०१९ साली रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या संधिवाताचं निदान झालं आणि गोव्यात डिचोलीच्या आमच्या वाड्यावर सल्ल्यांना ऊत आला. आंबट सोड गो. टोमॅटो, वांगी सोड. शेजारच्या काकींनी तर बांगडाच सोडायला लावला. मी चार महिने सोलकढी आणि बांगडा दोन्ही बंद ठेवले. सांधे होते तसेच. वजन उतरलं आणि चिडचिड वाढली. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, "काकींना नेमकं काय आहे?" चौकशी केली तर त्यांना गाऊट! तो युरिक ॲसिडचा आजार, त्यात बांगडे-तारले जपूनच. मला मात्र तेच मासे आठवड्यातून दोनदा खा म्हणाले, त्यांच्यातलं ओमेगा-३ हे स्निग्ध द्रव्य सूज थोडी कमी करायला मदत करतं म्हणून. थोडीच, हं. गोळ्या चालूच. आणि कोकम? "खाल्ल्यावर दुखतं असं तुम्हाला स्वतःला जाणवलं तर सोडा, नाहीतर खुशाल प्या."

काय खायचं ते कळलं, पण ते साफ कोण करणार? पन्नास पेडव्यांची डोकी काढायची म्हणजे माझ्या अंगठ्याची परीक्षाच. म्हणून आता मोठा बांगडा, तोही बाजारातच कापून घेते. दुपारी चारला बोटं जरा सैल असतात, तेव्हा तांबडी भाजी (लाल माठ) निवडून ठेवते. अळसांदे, म्हणजे आमची चवळी, रात्री भिजत घालते, कुकरचं झाकण नवरा लावतो. रवा लावून तेलात परतणं जवळजवळ बंद. चतुर्थीच्या सुमारास परसात हळदीची पानं मोठी होतात. बांगड्याला चिरा पाडायच्या, आलं-लसूण-मिरची आणि भिजवलेलं कोकम वाटून भरायचं, पानात गुंडाळून तव्यावर ठेवायचं. पान करपायला लागलं की वास थेट रस्त्यापर्यंत!

माझी संधिवाताची गोळी, मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच, शनिवारी रात्री. रविवारी पोटात ढवळतं, तेव्हा उकड्या तांदळाची पेजच काय ती खाली उतरते. एक मामा अजून सांगतात, गुडघ्याला फेणी चोळ आणि दोन घोट पोटातही जाऊ दे. या गोळीवर दारू म्हणजे यकृताशी खेळ, हे त्यांना पटत नाही. असो.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. पूर्वी ते दोन महिने खाऱ्या बांगड्यावर निघायचे. आता रक्तदाबामुळे तेवढं मीठ नको, मग अळसांद्याचं तोणाक (वाटणाची रस्साभाजी), नाचणीची भाकरी आणि भाचीने सोलापूरहून पाठवलेली जवसाची चटणी.

बंदी उठली की काकी कुंपणावरून हमखास विचारतात, "बांगडा हाडलो गो?" म्हणजे आणलास का. मी त्यांना वाटीभर सोलकढी पाठवते.