आवडता साहित्यप्रकार कोणता, असे तुम्ही विचारलेत म्हणून

वाचनालयाच्या देवघेव विभागात माझ्या हातातली पुस्तके पाहून अनेकांनी मला विचारले आहे, की एकाच खेपेला भयकथा, पाककृती आणि आत्मचरित्र घरी नेणाऱ्या वाचकाचा आवडता साहित्यप्रकार नेमका कोणता. प्रश्न आपुलकीने विचारलेला असतो, म्हणून उत्तरही नीट द्यावेसे वाटते. माझा असा एक प्रकार नाही. लिहिणाऱ्याने आपला विषय जवळून पाहिला आहे का, एवढेच मी शोधतो, आणि ते कळायला बहुधा पहिल्या वीस-पंचवीस पानांतला एखादा तपशील पुरतो.

कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'चे घ्या. 1970 साली आलेल्या या पुस्तकातली मापे वाटी आणि चमचा यांची आहेत, कारण आपली वाचक कोण आहे आणि तिच्या ओट्यावर काय असते हे लेखिकेला पक्के ठाऊक होते. पाककृतींना साहित्य म्हणावे का, हा वाद मला गौण वाटतो. माप चुकले तर पदार्थ बिघडतो, त्यामुळे तिथे भोंगळ लिहून चालत नाही, आणि ही शिस्त कादंबरीकारांनीही अंगी बाणवावी असे मला मनापासून वाटते. विशेषतः ऐतिहासिक कादंबऱ्यांत पात्रे सतत भारदस्त बोलत राहतात, पण त्यांच्या घरात पाणी कोण भरते आणि घोड्याचा दाणा कुठून येतो हे शेवटपर्यंत कळत नाही, तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवतो. याउलट इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती समोर ठेवून कुंती-गांधारीकडे माणसे म्हणून पाहिले, आणि त्या निबंधांत मला कितीतरी कादंबऱ्यांपेक्षा अधिक जीव जाणवला.

रहस्यकथा आणि भयकथा वाचणाऱ्यांनी संकोच करावा, असे मला कधीच वाटले नाही. नारायण धारप यांची भीती मला खरी वाटते, कारण ती ओळखीच्या घरात, रोजच्या व्यवहारात शिरते. विज्ञानकथेत जयंत नारळीकरांचा अधिकार तर वेगळा सांगायलाच नको. तरीही 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी आपली 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. स्वतःच्या कीर्तीचा टेकू न घेता कथेला उभे राहू देण्याची ही वृत्ती मला फार मोलाची वाटते.

आत्मचरित्रांकडे मात्र मी पुन्हा पुन्हा वळतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये वडिलांचे सोवळ्याचे वेड आणि 1895 मधले पतीचे धर्मांतर, या दोन्ही गोष्टी कडवटपणाशिवाय, पण काहीही न लपवता येतात. दया पवार यांच्या 'बलुतं'मध्ये (1978) दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार या शिकलेल्या, शहरी माणसाला सांगतो. दोघे एकच आहेत, तरी त्यांच्यामध्ये जे अंतर पडले आहे ते या एका मांडणीतून जितके कळते, तितके जातीवरच्या अनेक ग्रंथांतून मला कळले नव्हते. हे पुस्तक मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा मध्येच थांबावे लागले.

यानंतर पुढचा प्रश्न ठरलेला असतो : मग सुरुवात कशापासून करू? मी विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास' सुचवतो. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक घरावरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवावी म्हणून आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाला आणि 1857 च्या धामधुमीत सापडला. इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा तो शहरात होता. ही हकिकत छापून आली 1907 मध्ये, पण तिच्यातली भूक, तहान आणि भीती अजून ताजी आहे, कारण भटजींना इतिहास लिहायचा नव्हता, जे अंगावर आले ते सांगायचे होते. मिळवलेले द्रव्य वाटेत लुटले गेले. तरीही गंगेच्या पाण्याची कावड त्यांनी खांद्यावरून वरसईपर्यंत आणली आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले.