पावसाळ्यात रामेश्वरम: ठाणेकर काइटसर्फरांसाठी

ज्या नैर्ऋत्य वाऱ्यामुळे जुलैत घोडबंदर रोडला पाणी तुंबतं, तोच वारा रामेश्वरमला कोरडा पोचतो. पाऊस सगळा अलीकडे घाटावर सांडलेला असतो, जोर मात्र शाबूत! म्हणूनच आम्ही ठाण्याची मंडळी ऐन पावसाळ्यात तिकडे काइटसर्फिंगला, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवरून पाण्यावर घसरायला, गेलो. घरी नुसतं "रामेश्वरला चाललोय" म्हणालात, तर आई गंगाजलाचा गडू हातात देईल, हे गृहीत धरा.

ठाण्याच्या खाडीतच का नाही, असं सगळेच विचारतात. ओहोटीला चिखल, काठाला खारफुटी, शिवाय २०२२ पासून रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. काइट चढवायला-उतरवायला मोकळी वाळू लागते, ती तिथे नाही.

विमानाने मदुराई, पुढे साधारण १७० किलोमीटर गाडीने. बोर्डबॅगचं वजन आधीच विमान कंपनीला कळवा, काउंटरवर वाद घालण्यात अर्थ नसतो.

आता मुद्द्याचं. बेटाचं टोक धनुष्कोडीकडे निमुळतं होत जातं. दक्षिणेला मन्नारचं आखात, तिथे लाटा. उत्तरेला पाल्कचा उपसागर, तिथे वाळूच्या पट्ट्याआड पाणी सपाट. डावीउजवीकडे दोन्ही दिशांना काइट चालवता येतो पण अपविंड, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, परत येताना दम निघतो, अशा मधल्या टप्प्यावरच्या माणसाला ते सपाट पाणी बघून मोह होणारच. पण पावसाळ्यात त्या बाजूला वारा काठावरून समुद्राकडे वाहतो. काइट पाण्यात पडून पुन्हा उठला नाही, तर तुम्ही काठापासून लांब जात राहता, आणि श्रीलंका तिथून जेमतेम तीसेक किलोमीटर! त्यामुळे बचावाची बोट पाण्यात उतरलेली दिसल्याशिवाय तिथे उतरू नका. माझ्या मते, अपविंड पक्कं करायला याहून चांगलं पाणी आपल्या देशात सापडणं कठीण, पण बोटीची अट पाळूनच.

पंचाहत्तर किलोच्या माणसाला वीस नॉट्सच्या (ताशी सुमारे ३७ किलोमीटर) आसपास वाऱ्यात नऊ (चौरस) मीटरचा काइट बरा, पंचवीसला सातचा. बारा मीटरचा मात्र मंद वाऱ्यासाठीच. क्विक रिलीज, म्हणजे काइटची ओढ झटकन सोडवायची कळ, आधी वाळूवर डोळे मिटून चार वेळा ओढून बघा, भाड्याचा बार (काइट वळवायचा हातातला दांडा) असेल तर नक्कीच, कारण प्रत्येक कंपनीची रचना वेगळी. पायात पातळ बूट हवेतच, तळाशी शिंपले धारदार असतात. कोळ्यांची जाळी कुठे लावली आहेत ते सकाळी त्यांनाच विचारायचं. तमीळ येत नसलं तरी हातवाऱ्यांनी काम भागतं. मन्नारच्या आखातातली बेटं सागरी राष्ट्रीय उद्यानात येतात, तिकडे काइट वळवायचा नाही.

धनुष्कोडीच्या टोकाला संध्याकाळनंतर थांबू देत नाहीत, म्हणून शेवटची फेरी वेळेत आटपा. ओळखपत्र गाडीत नको, जलरोधक पिशवीत अंगावर ठेवा.

आणि तारखा ठरवताना पंचांग बघा. बहुधा आपल्याकडे गटारी असते, त्याच अमावास्येला तिथे आडी (तमीळ महिना) अमावास्येच्या स्नानाला अफाट गर्दी लोटते. त्या आठवड्यात खोली मिळत नाही.