राणी अ‍ॅडलेड आणि जाहीरनाम्यातील एक अट

२० जून १८३७ रोजी इंग्लंडचा राजा चौथा विल्यम वारला आणि १८ वर्षांच्या व्हिक्टोरियाच्या नावाने द्वाही फिरली, एवढे ठाऊक होते. पण त्या द्वाहीत एक अट होती, हे आज प्रथमच वाचले. विल्यमची विधवा राणी अ‍ॅडलेड हिला पुढे अपत्य झालेच, तर त्याचा हक्क अबाधित ठेवून व्हिक्टोरिया राणी झाल्याचे त्यात म्हटले होते. कायद्याला धरूनच होते ते. १८३० च्या रीजन्सी कायद्यात (अल्पवयीन राजा वा राणीच्या वतीने कारभार कोणी पाहायचा, हे ठरवणाऱ्या) तशी तरतूद होती. तरीही दिवसभर मला काही सुचले नाही.

अ‍ॅडलेड तेव्हा ४४ वर्षांची होती. सॅक्स-माइनिंगेन या चिमुकल्या जर्मन संस्थानातून १८१८ मध्ये तिला आणले होते ते वारस हवा म्हणूनच; आदल्या वर्षी सिंहासनाची वारस राजकन्या शार्लट बाळंतपणात गेली आणि तिच्या अविवाहित काकांची (विल्यम त्यांतलाच) लग्नाची घाई सुरू झाली. नवरा जवळजवळ २७ वर्षांनी मोठा, त्याला डोरोथिया जॉर्डन या नटीपासून झालेली दहा मुले. अ‍ॅडलेडची पहिली मुलगी काही तास जगली, दुसरी, एलिझाबेथ, तीन महिनेही नाही, आणि १८२२ मध्ये जुळे मुलगे मृतच जन्मले. एवढे सोसून, नवऱ्याची अखेरपर्यंत शुश्रूषा करून जी नुकती विधवा झाली, तिच्या कुशीची शक्यता राज्याने कागदावर नोंदवून ठेवावी, आणि तीही ज्या व्हिक्टोरियावर तिचा लेकीसारखा जीव होता, तिच्याच राज्यारोहणाच्या कागदावर!

मला राग नेमका कोणाचा आला, हे अजून ठरत नाही. तो मजकूर लिहिणाऱ्या कारकुनाचा तर नाहीच. आमच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे, त्यासाठी आलेल्या तक्त्यात माझ्या नावापुढचा रकाना... असो. अ‍ॅडलेडची चौकशी निदान सिंहासनासाठी तरी झाली, असे म्हणत मी स्वतःची यथेच्छ कीव करून घेतली.

पुढे वाचत गेले आणि ती कीव टिकेना. ही बाई नुसती सोसणारी नव्हतीच. मतदानाचा हक्क वाढवणाऱ्या पार्लमेंटच्या सुधारणा विधेयकाला तिचा ठाम विरोध होता (तो मला मुळीच पटत नाही), आणि १८३४ मध्ये विल्यमने पंतप्रधान लॉर्ड मेलबर्नचे मंत्रिमंडळ घालवले, तेव्हा लंडनच्या टाइम्स वृत्तपत्राने त्याचे सारे खापर तिच्या माथी फोडले. नवऱ्याच्या त्या दहा मुलांना तिने आपलेपणाने वागवले. प्रकृतीसाठी माल्टाला गेली, तर व्हॅलेटात अँग्लिकन चर्च नाही हे पाहून स्वखर्चाने बांधवले. अशा बाईने त्या अटीकडे पाहून नाक मुरडले असेल आणि पुढच्या कामाला लागली असेल, असे मला आता वाटू लागले आहे.

शिवाय १८३६ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या राजधानीला तिचे नाव दिले गेले, जिथे ती कधी गेलीच नाही. डिसेंबर २०२० मध्ये भारताचा डाव तिथे ३६ धावांत आटोपला, त्या सकाळी आमच्या घरात अ‍ॅडलेडच्या नावाने बोटे मोडण्यात कोणी कसूर केली नाही. चौथ्या विल्यमचे नाव मात्र या घरात कोणी घेतल्याचे मला आठवत नाही.