गच्चीवरचे केंद्र

ठाण्यात चराईतील एका चार मजली इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला खेटून बांधलेल्या पत्र्याच्या खोलीत, आमचे दूरचित्रवाणी केंद्र होते. 'केंद्र' हा शब्द लिहिताना मलाही जरा जड वाटतो, कारण तिथे काम करणारे आम्ही त्या जागेला कंट्रोल रूम म्हणत असू आणि इमारतीतील रहिवासी नुसतेच 'केबलवाल्याची खोली' म्हणत. तरीही १९९६ ते २०१३ या काळात त्या खोलीतून रोज संध्याकाळी आजूबाजूच्या घरांत आमचा स्वतःचा कार्यक्रम जात होता, आणि मी त्या सतरा वर्षांतला बराच काळ तिथे होतो.

या केंद्राला प्रक्षेपणाचा मनोरा नव्हता. असता तरी तो आम्हाला वापरता आला नसता, कारण १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यापासून या देशातील तार आणि बिनतारी दळणवळणाचा हक्क सरकारने आपल्याकडे ठेवला आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून निघालेल्या खटल्यात, प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय दिला. त्यानंतर काही वर्षांत खासगी एफएम आले, पुढे सामुदायिक रेडिओही आला, परंतु मनोऱ्यावरून दूरचित्रवाणी दाखवण्याचा मान दूरदर्शनकडेच राहिला. दूरदर्शनने १९८४ च्या सुमारास देशभर शंभर वॅटची छोटी प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने उभारली. शंभर वॅट म्हणजे जुन्या पिवळ्या दिव्याइतकी शक्ती, आणि तेवढ्यावर जेमतेम दहा-पंधरा किलोमीटरच्या परिसरात चित्र दिसे. मात्र त्या केंद्रांत ना कॅमेरा असे ना निवेदक. उपग्रहावरून आलेला दिल्लीचा कार्यक्रम पुढे पाठवणे एवढेच त्यांचे काम. ठाण्याला तेही लागले नाही, कारण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेल्या मुंबई केंद्राचे चित्र वरळीच्या मनोऱ्यावरून थेट आमच्या गच्च्यांवर येत होते. त्यामुळे ठाण्याची बातमी ठाणेकरांना पडद्यावर दाखवायची, तर एकच वाट उरत होती, आणि ती म्हणजे केबलची काळी वायर.

आमच्या केंद्राचे मालक, ज्यांना लहानथोर सगळेच नाना म्हणत, मुळात टीव्ही दुरुस्त करणारे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांनी स्वतःच्या इमारतीत एक व्हीसीआर लावून दुपारी एक आणि रात्री एक असे सिनेमे दाखवायला सुरुवात केली. मग शेजारच्या इमारतीने वायर मागितली, तिच्या शेजारच्या इमारतीने तिच्याकडून, आणि १९९२ च्या ऑक्टोबरात झी सुरू झाल्यावर नानांनी गच्चीवर पहिली मोठी डिश बसवली तेव्हा त्यांची वायर पार उथळसरच्या हद्दीपर्यंत गेलेली होती. हा सगळा व्यवहार कायद्याच्या नजरेत नेमका काय आहे, हे तोपर्यंत कोणी विचारलेच नव्हते. सप्टेंबर १९९४ चा अध्यादेश आणि त्यामागून आलेला १९९५ चा केबल कायदा यांमुळे प्रत्येक केबलवाल्याला आपल्या भागातील मुख्य टपाल कार्यालयात पाचशे रुपये भरून दरवर्षी नोंदणी करणे भाग पडले. उपग्रहाचे चित्र घरोघर पोहोचवण्याची नोंदणी मनीऑर्डरच्या खिडकीशेजारी व्हावी, याची मला तेव्हाही गंमत वाटे.

आता स्थानिक वाहिनी म्हणजे नेमके काय, हे सांगितले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावरच अवलंबून आहे. त्या काळच्या केबलमध्ये प्रत्येक वाहिनीला सात मेगाहर्ट्‌झचा एक पट्टा लागे, आणि डिशवरून आलेली प्रत्येक वाहिनी मॉड्युलेटर नावाच्या वहीएवढ्या डब्यातून तिच्या पट्ट्यावर चढवावी लागे. असे सगळे डबे एकत्र जोडले, की त्यातून एकच वायर बाहेर पडे आणि गच्च्यागच्च्यांवरून, मध्ये मध्ये ॲम्प्लिफायर घेत, पुढे जाई. एखादा पट्टा रिकामा असेल, तर तिथे आणखी एक मॉड्युलेटर लावून त्याला व्हीसीआर जोडायचा, की झाली स्वतःची वाहिनी. जागेचे भाडे नाही, कोणाची परवानगी नाही. अडचण एकच होती, ती क्रमांकाची. पुष्कळ घरांत बारा बटणांचे जुने संच होते, त्यांतील ठळक जागा कायद्यानेच दूरदर्शनला द्याव्या लागत आणि उरलेल्या मोठ्या वाहिन्या अडवून बसत. आमची वाहिनी तेराव्या जागेवर गेली असती, तर ती निम्म्या घरांत दिसलीच नसती. नानांनी एका परदेशी क्रीडावाहिनीला खाली ढकलून आम्हाला सातवे बटण दिले, आणि त्याबद्दल क्रिकेटवेड्या गिऱ्हाइकांच्या शिव्या वर्षभर निमूट खाल्ल्या.

पैसा मिळे तो पट्टीवर. सिनेमा चालू असताना पडद्याच्या तळाशी सरकणाऱ्या एका ओळीत दहावीच्या गणिताचे वर्ग, साड्यांचा सेल, उद्या सकाळी दहा ते दुपारी दोन पाणी बंद, आणि अमुक इमारतीतील अमुक आजोबांना देवाज्ञा झाली असून अंत्ययात्रा चार वाजता निघेल, हे सारे एकापाठोपाठ जात असे. निधनाच्या पट्टीचे पैसे नाना घेत नसत. बातम्या आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाच्या. कॅमेरा लग्नाच्या चित्रीकरणातून उसना आणलेला, खांद्यावर घेण्याचा, पूर्ण आकाराच्या व्हीएचएस कॅसेटचा. तो घेऊन स्कूटरवरून जायचे, महापालिकेतील सभा किंवा गडकरी रंगायतनमधील बक्षीस समारंभ टिपायचा आणि कॅसेट पोटाशी धरून परत यायचे. बातमीचा दर्जा काय होता, याविषयी मी फार बोलू नये. नगरसेवकाचे भाषण आम्ही कापत नव्हतो, कारण त्याच्याच वॉर्डातील खांबांवर आमची वायर टांगलेली होती.

थेट प्रक्षेपण मात्र एकदाच केले, अनंत चतुर्दशीला, तलावपाळीवरून. केबलच्या जाळ्यात चित्र एकाच दिशेने वाहते. कंट्रोल रूममधून घराकडे. मासुंदा तलावाच्या काठावरचे चित्र उलट कंट्रोल रूमपर्यंत आणायचे, तर त्यासाठी वेगळी वायर टाकणे आले. दोन दिवस खपून आम्ही जाड काळी वायर झाडांच्या फांद्यांवरून, दुकानांच्या पाट्यांमागून आणि तीन इमारतींच्या गच्च्यांवरून चराईपर्यंत ओढत आणली. संध्याकाळी साडेसहाला पहिले चित्र आले, आणि त्यात दोन रुंद, काळपट आडवे पट्टे सावकाश वर सरकत होते. तलावाकाठच्या मंडपातील वीज आणि आमच्या खोलीतील वीज यांचे अर्थिंग वेगवेगळे असल्याने हा घोळ झाला होता. नाना खाली मान घालून जोडण्या तपासत होते आणि मी फोनवर एकेका गिऱ्हाइकाला समजावत होतो, इतक्यात एका आजींचा फोन आला. मी सवयीने क्षमा मागू लागलो, तर त्या म्हणाल्या, "अरे बाळा, पट्टे राहू देत. आमच्या सोसायटीचा गणपती कधी येतोय तेवढं सांग, मला जिना उतरवत नाही." मी घाटावरच्या मुलाला निरोप धाडला. रात्री पावणेदहाला तो गणपती आला, आणि कॅमेरा त्याच्यावर, पट्ट्यांसकट, मूर्ती पाण्यात दिसेनाशी होईपर्यंत स्थिर ठेवला.

आमचा शेवट प्रेक्षक तुटल्यामुळे झाला, असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. घरोघर थेट उपग्रहावरून चित्र घेणाऱ्या छोट्या छत्र्या बसू लागल्या, काही घरे गेली, पण पट्टीच्या जाहिराती २०१२ मध्येही येत होत्या. केबलचे डिजिटलीकरण टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. मुंबईनंतरच्या दुसऱ्या टप्प्यात ठाणे होते आणि मुदत होती ३१ मार्च २०१३. सेट-टॉप बॉक्सवर चित्र सांकेतिक रूपात येणार, म्हणजे ते सांकेतिक करणारी यंत्रणा लागणार, आणि ती परवडणार फक्त मोठ्या कंपन्यांना. नानांच्या डिशा, रिसीव्हर, मॉड्युलेटर एका रात्रीत भंगार झाले. एका मोठ्या केबल कंपनीची फायबर गच्चीवर आली आणि नाना तिचे वसुली करणारे झाले. रिकामा पट्टा ही गोष्टच उरली नाही. आमची वाहिनी दाखवायची, तर ती आधी कंपनीच्या यंत्रणेपर्यंत स्वखर्चाने न्यायची आणि तिथल्या जागेचे मासिक भाडे मोजायचे, असा हिशेब त्यांनी मांडला, आणि तो आकडा आमच्या पट्टीच्या महिन्याच्या उत्पन्नाहून मोठा होता.

डिजिटलीकरण चूक होते, असे मी म्हणणार नाही. आपली खरी कनेक्शने किती, हे नाना आयुष्यात कोणाला सांगत नसत. वाहिन्यांना नाही, करमणूक कर घेणाऱ्याला नाही आणि मलाही नाही. सेट-टॉप बॉक्स त्यासाठीच आला होता. आमची वाहिनी जगत होती तीही त्याच ढिलाईच्या आधारावर, हे मला खोली रिकामी करताना कळले.

त्या खोलीतून मी एकच कॅसेट घरी आणली. आमच्याकडे तीन तासांच्या साधारण चाळीस कॅसेटी होत्या आणि नवी घ्यायची नाही हा नियम, त्यामुळे प्रत्येकीवर वीस-वीस वेळा नवे चित्रीकरण चढले. आधीची नावे स्केचपेनने खोडून खाली नवी लिहिलेली. माझ्या कॅसेटच्या कडांना पावसाळी बुरशी लागली होती, ती एका व्हिडिओवाल्याने साफ करून दिली. वरच्या लेबलवर 'हळदीकुंकू, पाचपाखाडी' असे आहे, आणि ते सदतीस मिनिटांनी संपते. मग क्षणभर पडद्यावर मुंग्या येतात आणि त्याखालचे जुने चित्रीकरण सुरू होते. पाणी, गॅसबत्त्या, घाटावरची गर्दी, आणि त्यावर सावकाश वर सरकणारे दोन काळपट पट्टे. सोसायटीचा गणपती त्यात आहे की नाही, ते पाहण्याआधीच, अकराव्या मिनिटाला, कोणीतरी चढवलेला कबड्डीचा सामना लागतो.