काठमांडूच्या ओट्यांवर, टेप घेऊन

निघायच्या आदल्या आठवड्यात एका पेठेच्या सांस्कृतिक भवनाचं काम अंगावर आलं. गाव नदीकाठचं, पेठ जुनी, अजून चार-दोन वाडे तग धरून असलेली. मागणी अशी: खाली हॉल, वर हॉल, भोवती कंपाउंड, मोठं लोखंडी गेट, आणि 'पारंपरिक टच' म्हणून दर्शनी बाजूला फायबरची महिरप. महिरपींचा कॅटलॉगही हातात ठेवला होता. मी "बघतो" म्हणून सुटलो आणि दिवाळीनंतरच्या आठवड्यात काठमांडू गाठलं. सुट्टी होती खरी, पण आर्किटेक्टच्या खिशातला टेप सुट्टीवर जात नाही.

मुक्काम पाटणला, म्हणजे ललितपूरला. बागमती ओलांडली की काठमांडूचंच जुळं शहर. पहिल्या संध्याकाळी दरबार चौकात पोचलो तर उत्तरेच्या टोकाला, मंग हिटीच्या पायऱ्यांशी गर्दी. हिटी म्हणजे जमिनीखाली खोल उतरत जाणारं पाण्याचं कुंड, दगडी मकरमुखांतून धार पडते. पायऱ्यांच्या दोन अंगांना दोन उघडे लाकडी मंडप आहेत, मणिमंडप. भिंत नाही, दार नाही. कोरीव खांब, वर कौलारू छप्पर आणि खाली बसायला ओटा. शाळेतून सुटलेली पोरं, भाजीची पिशवी बाजूला टेकवून बसलेली बाई, मोबाइलवर बोलणारा पोलीस. 2015 च्या भूकंपात हे दोन्ही मंडप जमीनदोस्त झाले होते. तेच खांब ढिगाऱ्यातून वेचून, जिथे मोडले होते तिथे नवं लाकूड जोडून ते परत उभे केलेत. नव्या लाकडाचा रंग वेगळा दिसतो, आणि तो लपवायचा कुणी प्रयत्न केलेला नाही. मला ते फार आवडलं. आपल्याकडे अशा ठिकाणी सगळ्यावर एकदम चॉकलेटी ऑइलपेंट मारतात.

चौकात एक उंच चौथरा आहे. इथल्या नेवारी भाषेत दबू, नेपाळीत डबली. कार्तिकात याच्यावर कार्तिक नाच होतो. सिद्धिनरसिंह मल्ल राजाने सतराव्या शतकात सुरू केलेला, अजून चालू. माझं नशीब चांगलं, एक रात्र पदरात पडली. मुखवटे, झांजा, आणि नृसिंह-हिरण्यकशिपूची गोष्ट. शेजारच्या माणसाला मी मोडक्या हिंदीत सांगितलं की आमच्या कोकणात दशावतारात हेच असतं, तर त्याने अविश्वासाने माझ्याकडे पाहिलं. नाच संपला, तसा अर्ध्या तासात तोच चौथरा पोरांनी पकडापकडीसाठी ताब्यात घेतला. रंगमंच वर्षातून काही रात्री, उरलेले दिवस नुसता ओटा. आमच्या भवनाच्या नकाशात वरचा हॉल फक्त कार्यक्रमांसाठी होता, बाकी वर्षभर कुलूप. ते आठवून मला तिथेच अस्वस्थ वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टेप बाहेर आला. गल्लोगल्ली फल्चा मोजत फिरलो. फल्चा म्हणजे वाटेवरचा छपराखालचा ओटा, नेपाळीत पाटी. त्याहून मोठी, मुक्कामाची सोय असलेली ती सत्तल. आपला पार, चावडी आणि धर्मशाळा एकत्र कालवली तर जवळ जाता येईल. ओट्याची उंची जवळजवळ सगळीकडे दीड फुटाच्या आसपास, म्हणजे चालता चालता टेकता येईल इतकी. डोक्यावरचा भारा उतरवायला फार वाकावंही लागत नाही. मी वाकून आकडे लिहीत होतो तर एका आजोबांनी विचारलं, "के नापेको, भाइ?" म्हटलं, ओटा मोजतोय. ते खदखदून हसले आणि सरकून जागा केली. संध्याकाळी तिथेच दाफा भजनाला बसतात म्हणाले. मी गेलो. खिं नावाचा ढोल, झांजा, दोन बाजूंना समोरासमोर बसून आळीपाळीने गाणारे म्हातारे. शब्द एकही कळला नाही, पण आपल्या भजनी मंडळात जसा एक काका कायम ताल चुकवतो तसा इथेही एक होता.

पाटण म्युझियमबद्दल थोडक्यात: केशव नारायण चौकातला राजवाडा, ऑस्ट्रियाच्या मदतीने दुरुस्त होऊन 1997 ला म्युझियम झाला. मागच्या बागेतलं कॅफे छान आहे. जा.

भक्तपूरला मात्र एक दिवस पुरला नाही. तिथे जाण्याचं माझं कारण एकच, च्यासिलिं मंडप. दरबार चौकातला हा अष्टकोनी मंडप 1934 च्या भूकंपात कोसळला आणि चौकात रिकामी जागा राहिली. 1987 मध्ये पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर हेल्मुट कोल आले, त्यांच्याकडून भेट म्हणून तो पुन्हा बांधायचं ठरलं. पाटण म्युझियमवाले ऑस्ट्रियन आर्किटेक्ट ग्योट्झ हागम्युलर आणि जर्मनीचे नील्स गुत्शो यांनी जुनी चित्रं, फोटो यांवरून त्याचा आराखडा केला, जुन्या मंडपाचे सापडले ते लाकडी तुकडे परत बसवले, आणि आत सरळ पोलादी सांगाडा घातला. उघड दिसेल असा. 1990 ला तो पूर्ण झाला तेव्हा या पोलादावरून वाद झाला. पण 2015 च्या भूकंपात च्यासिलिं उभा राहिला.

वर चढून त्या पोलादाकडे बघत बसलो. आर्किटेक्ट म्हणून मान डोलावली, पण मन पूर्ण मानेना. का ते तेव्हा सांगता आलं नसतं. खाली येऊन मातीच्या कुंड्यातलं जुजु धौ खाल्लं. आहे दहीच, पण खरवस आणि बासुंदी यांच्या मधलं काहीतरी वाटतं. दुसरंही घेतलं.

उत्तर मिळालं ते मरूत. मरू टोल ही काठमांडूच्या जुन्या दरबाराशेजारची वस्ती, भारत-तिबेट व्यापाराच्या जुन्या वाटेवरची. तिथे काष्ठमंडप आहे, ज्याच्यावरून शहराचं नाव पडलं. अख्खी इमारत एकाच झाडाच्या लाकडाची, अशी दंतकथा. तीन मजली सत्तल. तळमजला चारी बाजूंनी उघडा, कोपऱ्यांत चार गणपती, आणि मधोमध गोरखनाथ.

गोरखनाथांसमोर मी जरा जास्तच वेळ उभा राहिलो. मच्छिंद्रनाथ, गोरखनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ, ज्ञानदेव ही साखळी लहानपणी आजीने पाठ करून घेतलेली. पाटणला मच्छिंद्रनाथांचा रथ निघतो आणि इथे त्यांचा शिष्य शहराच्या दिवाणखान्यात बसलाय. 1966 च्या दुरुस्तीपर्यंत कानफाटे जोग्यांची घरंच या मंडपात होती. आळंदीहून इतक्या लांब येऊन ओळखीच्या घरी गेल्यासारखं वाटलं.

25 एप्रिल 2015, शनिवार. मंडपात रक्तदान शिबिर चालू होतं. दुपारी बाराच्या सुमाराला भूकंप झाला आणि सगळं खाली आलं, माणसांसकट. ढिगारा जेसीबीने उचलला गेला. नंतर पुरातत्त्वज्ञांनी पाया उकरला तेव्हा दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे पाया सातव्या शतकातला निघाला, सगळ्यांना वाटत होतं त्याहून काही शतकं जुना, आणि तो धडधाकट होता. नऊ चौकटींचं मंडल, विटांच्या आडव्याउभ्या भिंतींनी बांधलेलं. दुसरी गोष्ट मला झोंबली. मुख्य चार खांबांपैकी एकाचा तळखड्याशी सांधाच उरला नव्हता. खांबाच्या तळाची खुंटी दगडातल्या खाचेत बसते, त्यावर सगळा खेळ. साठच्या दशकातल्या दुरुस्तीत वर फरशी घातली गेली, दगड खालीच राहिला आणि खांब फरशीवर. बाहेरून काहीच दिसत नव्हतं.

म्हणजे तेराशे-चौदाशे वर्षांचा पाया टिकला आणि पन्नास वर्षांपूर्वीची साफसुथरी फरशी नडली. माझ्याही नकाशात तळमजल्याला व्हिट्रिफाइड टाइल्स होत्या.

पुनर्बांधणीत पोलाद घालायची कल्पना आली तेव्हा टोलातल्या लोकांनी हट्टाने विरोध केला. समिती झाली, 2018 मध्ये काम सुरू झालं, 2022 मध्ये पुरं झालं. साल लाकूड, विटा, मातीचा गारा, सांध्यांत पाचरी. सिमेंट नाही. शेजारच्या दुकानदाराने सांगितलं की श्रमदानाला त्याची आईसुद्धा विटा द्यायला गेली होती. "मेरी माँ का ईंट किधर है, वो जानती है," तो म्हणाला. च्यासिलिंचं पोलाद मला का खटकलं ते इथे लक्षात आलं. ते मंडपाला उभं ठेवतं, पण दुरुस्तीची वेळ आली तर गल्लीतल्या सुताराला तिथे करण्यासारखं काय? पाचर सैल झाली तर ती ठोकणारा माणूस मरूत आहे. अर्थात, च्यासिलिं पडला नाही आणि काष्ठमंडप पडला, हेही तितकंच खरं. माझा निकाल अजून लागलेला नाही.

या सगळ्यामागे गुठी नावाची जुनी व्यवस्था आहे. देवस्थानाच्या जमिनीच्या उत्पन्नातून आणि घराण्यांच्या पाळीतून ओटे, हिटी, जत्रा सांभाळायच्या. 2019 च्या जूनमध्ये सरकारने गुठींवर नियंत्रण आणणारं विधेयक आणलं, तेव्हा हजारो लोक माइतीघरच्या रस्त्यावर उतरले आणि ते मागे घ्यावं लागलं. फल्चाच्या छपरावर गवत उगवलं की ते उपटायची पाळी कुणाची, हे ठरलेलं असतं. आमच्या भवनाच्या कागदांत देखभालीसमोर रिकामी रेघ होती.

परत आलो. महिरपीचा कॅटलॉग परत दिला. नवीन नकाशात रस्त्याच्या बाजूने पूर्ण लांबीचा दीड फुटी ओटा काढला, वर पुढे आलेली कौलारू पडवी, आत एकच हॉल, आणि अंगणात भजनाला, आखाड्याला, लग्नाच्या पंगतीलाही चालेल असा चौथरा. कंपाउंड पुसून टाकलं. बैठकीत नकाशा पसरला, चहा आला. मंडळींनी चष्मे लावून बराच वेळ शोधलं, मग एक काका म्हणाले, "साहेब, सगळं ठीक आहे, पण गेट कुठंय?"

पुढची बैठक येत्या रविवारी आहे. टेप घेऊन जाणार आहे, आणि पेठेतल्या सुतारालाही बोलावलंय.