भूमितीचं पुस्तक तिकडे आहे

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. घटस्फोट झालेल्या कुणाचं पोर नववी-दहावीत पुस्तकाला हात लावेनासं झालं, की कुणीतरी माझा नंबर देतं. प्रश्न ठरलेला: 'तुम्ही मुलाला अभ्यासाला बसवलंत कसं?' बसवलं नाही हो. वर्षभर बसवत होते, ते वर्ष फुकट गेलं.

आमचं संमतीनेच झालं, शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात. ताबा माझ्याकडे, शनिवार-रविवार आणि अर्धी सुट्टी बाबाकडे, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. भूमितीचं पुस्तक कुठे राहणार, तेवढं लिहायचं राहिलं.

मुलगा तेव्हा नववीत. सहामाहीला गणितात उडाला. मी म्हटलं तिकडे लाड होतात, बाबा म्हणाला आईचं लक्ष नाही. मी मोबाईल काढून घेतला, तर तो भिंतीकडे बघत बसायला लागला. क्लास लावला, पंधरा दिवसांत बंद. 'आळशी' तर रोजचंच.

एका सोमवारी वहीत पुन्हा शेरा आला, तेव्हा रागाने मी त्याचं दप्तर जमिनीवर उलटं केलं. वेफर्सचं रिकामं पाकीट, टोक नसलेलं कर्कटक, अर्धा कोनमापक, बाबाच्या घराची किल्ली. भूमितीचं पुस्तक नाही.

"कुठंय?"

"तिकडे."

"मग सांगायचं ना!"

"सांगितलं की तू बाबाला फोन करतेस."

ते फोन कसे असायचे, मला ठाऊक होतं. पुस्तकावरून सुरुवात, तिथून क्लासची फी, आणि फीवरून गाडी थेट सासूबाईंवर. पोराने सरळ हिशोब केला होता: पुस्तक मागण्यापेक्षा वर्गाबाहेर उभं राहणं परवडतं. क्लास का सोडला तेही त्याच रात्री निघालं. फीचा दुसरा हप्ता कुणी भरायचा यावरून आम्ही भांडलो होतो, ते त्याने आतल्या खोलीतून ऐकलं होतं. क्लासच नको, म्हणजे हप्ताही नको. आणि आम्ही दोघं शिकलेली माणसं त्याला आळशी म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून लवकर सुटून अप्पा बळवंत चौक गाठला आणि बालभारतीच्या पुस्तकांचा दुसरा संच घेतला. (पीडीएफ फुकट मिळतात, पण मोबाईल मीच कपाटात ठेवला होता ना!) एक संच इथे, एक तिथे. कंपासही दोन. आणि त्याच्या बाबाशी ठरवलं की शाळेचं काय ते मेसेजवर, दोन ओळींत. दोन ओळींत सासूबाई मावत नाहीत. वर्गशिक्षिकांनाही घरची परिस्थिती सांगून टाकली. ते मी आधीच करायला हवं होतं, लाज आडवी आली. समुपदेशकांकडे तीनदा गेलो. त्याच्यापेक्षा मलाच उपयोग झाला.

लगेच फरक पडला का? अजिबात नाही. दहावीच्या पहिल्या चाचणीतही भूमितीत ४० पैकी ९. पण आता तो पेपर लपवत नव्हता. मग आम्ही बोर्डाचं गणित मांडलं: बीजगणित ४०, भूमिती ४०, शाळेकडचे २०, आणि पास व्हायला ३५. नव्वद टक्के वगैरे बोलणं घरातून बंद. आधी फक्त ३५ चं बघायचं.

त्यातही सुरुवात भौमितिक रचनांपासून केली, कारण त्यात पाठ काही करायचं नसतं, हात चालवायचा असतो. त्याचा बाबा कारखान्यात ड्रॉइंग काढतो. वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका कशी काढायची, ते शनिवारी तिकडे व्हायला लागलं. रविवारी रात्री तो कागदांची सुरळी घेऊन यायचा. रेघा इतक्या बारीक आणि स्वच्छ, की खरं सांगते, मला थोडा मत्सरच वाटला. माझ्याकडे मराठी आणि इतिहास. तिथे कुरकुर शेवटपर्यंत होती. अजून आहे.

निकाल ऑनलाइन लागला. गणितात ४६. त्याने आकडा मला दाखवला आणि लगेच तिकडे फोन लावला.

"बाबा, सेहेचाळीस." मग थोडं थांबून, माझ्याकडे बघत, "नाही रे, आई ओरडली नाही. आई हसतेय."